शिळी बातमी

दिवाळी सरली आणि वस्तीवर कातरणीची घाई उडाली. कळंबच्या अलीकडं, माळाच्या उतारावर धनगरांची पंधरा-वीस घरं. एके काळी घरटी शंभर-दीडशे मेंढरं होती. आता निम्म्यांनी खांडं मोडली, कळप विकून टाकले. कुणी विहीर पाडून ऊस लावला, कुणी ट्रॅक्टरवर डायवर झाला. उरलेले अजून मेंढरांच्या मागं होते. दिवाळीनंतर लोकर कातरायची, घोंगडी विणणाऱ्या सणगराला घालायची आणि खांड घेऊन मावळतीकडं चाऱ्याला निघायचं, असा त्यांचा रिवाज.

कातरणी काय एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तिला सावड लागते. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या. ज्याची पाळी त्यानं गड्यांना जेवू घालायचं, आणि दुसऱ्याच्या पाळीला आपली कात्री घेऊन हजर व्हायचं. पाळी एकदा ठरली की ठरली. गेणबाची पाळी यंदा सगळ्यात शेवटी, रविवारी आली. सोमवारी सावड पांगणार, जो तो आपल्या वाटेला लागणार. आणि नेमकं शुक्रवारी वारं फिरलं.

गेणबा सकाळपासून वाघरीपाशी उभा होता. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं दाटीनं बसली होती. त्याचा म्हातारा बाप आबाजी घोंगडं पांघरून बाजेवर बसला होता. त्यानं नाक वर करून वारं हुंगलं.

"गेनू, वारं उगवतीचं हाय."

"व्हय आबा. मगाधरनं तेच बघतुया."

"रातभर बकरी एकमेकीच्या पोटाखाली शिरत व्हती. माजं ऐक, कातरल्या अंगावर पाऊस झाला तर एक वाचायचं न्हाय. दोन दिस दम धर."

"दम धरून कसं चालंल? सिद्धू सोमवारी निघनार, त्याच्या मागं समदी निघनार. मग कातरनार कोन? तुमी?"

म्हाताऱ्यानं घोंगडं खांद्यावर ओढलं. भाकरीचा तुकडा मोडताना त्याचे हात लटलट कापायचे, तो कात्री काय धरणार!

बनाबाई चुलीपुढं भाकरी थापत हे ऐकत होती. गेणबाची बायको. या घरात येऊन तिला वीस वर्षं झाली, पण असल्या बोलण्यात तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच काय? तीन पोरी झाल्या, ल्योक नाही. तिसरीच्या बाराव्या दिवशी सासूनं नाव ठेवलं नकोशी. म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. सासू गेली, पुढचं कुणी झालंच नाही, नाव तेवढं राहिलं.

"आनि ती पोरगी कुठं गेली?" गेणबा खेकसला. "आज कोकरांमागं ऱ्हा म्हनलं व्हतं तिला."

"साळंला गेली."

"साळा, साळा! नाव वाचता येतंय न्हवं? बास झालं. मावळतीला निघालो की तिला संगं घिऊन चाललो मी. कोकरांमागं मानूस न्हाय."

बनाबाईचा हात थांबला. "चवथी हू द्या की. बाई म्हनत्यात, पोरगी लई हुशार हाय. कोकरं मी बघते. दोगींचं काम मी एकटी करते."

"बघू," गेणबा म्हणाला.

त्याचं 'बघू' म्हणजे अजून नाही म्हटलेलं नाही, एवढंच. पण तेवढ्यावर बनाबाई दोन वर्षं पोरीची शाळा रेटत आली होती. थोरल्या दोघींना न्हाण आलं न आलं तोवर त्यांची लग्नं उरकली. एक गाईच्या गोठ्यात राबते, एक सासूच्या शिव्या खाते. ही तिसरी तरी चार बुकं शिकावी, एस.टी.ची पाटी वाचून कुठं जायचं तिथं जावी, एवढीच तिच्या जिवाला आस होती. बाकी देवाकडं तिनं काही मागायचं ठेवलंच नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची. शनिवारी वस्तीतल्या एका बाईनं येऊन शाळेची पडवी शेणानं सारवायची, अशी पाळी विजयमालाबाईंनी लावून दिली होती. विजयमालाबाई म्हणजे शाळेच्या मास्तरीण. बारामतीहून एस.टी.नं फाट्यापर्यंत यायच्या आणि पुढं माळ तुडवत शाळेत. चार इयत्ता, एक खोली, एकच बाई. गेल्या साली उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. तेव्हापासून त्या पोरांना एक वेगळंच शिकवायला लागल्या होत्या. रेडिओत, पेपरात, टी.व्ही.त जे येतं ते कसं ऐकायचं, कसं बघायचं. नकोशी घरी येऊन सांगायची, "बाई म्हनत्यात, जाहिरातीतल्या साबनानं कोन गोरं हुत न्हाय." त्यावर गेणबा हसायचा, "मग तुजी बाई काय राख लावती व्हय गं तोंडाला?"

त्या शनिवारी पाळी बनाबाईची होती. ती खाली बसून हात फिरवत मागं मागं सरकत होती. आत पोरांचा गलका चालला होता. एकदम खटका वाजला, पोरं चिडीचूप झाली, आणि खिडकीतून एक भारदस्त आवाज आला.

"...मध्य महाराष्ट्रात येत्या अठ्ठेचाळीस तासांत हवामान कोरडे राहील. आकाश निरभ्र राहील. पावसाची शक्यता नाही."

बनाबाईचा हात जागच्या जागी थांबला. सगळे शब्द तिला कळले नाहीत, पण कोरडं कळलं, आणि पाऊस न्हाय हे तर लख्ख कळलं. रेडिओच बोलला होता! वस्तीवर रेडिओच्या शब्दाला मान होता. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे भांडी वाजली, माणसं घाबरून बाहेर पळाली, ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो सांगत सुटला. कुणी म्हणालं कोयना फुटली, कुणी म्हणालं लढाई लागली. शेवटी कळंबच्या हाटेलातल्या रेडिओनं सांगितलं तेच खरं निघालं. तेव्हापासून रेडिओ म्हणजे सरकारचं तोंड.

आतून विजयमालाबाईंचा आवाज आला, "हं, आता मला सांगा पोरांनो..." पण पुढचं ऐकायला बनाबाई थांबलीच नाही. अर्धी पडवी तशीच टाकून, शेणाच्या हातानं लुगडं खोचून ती घराकडं पळत सुटली.

सिद्धू नुकताच आला होता. सावडीचा म्होरक्या, दणकट गडी. तो आणि गेणबा बांधावर बसून तेच घोळवत होते.

"आवं, पाऊस न्हाय!" बनाबाई धापा टाकत म्हणाली. "रेडिओ बोलला! दोन दिस आभाळ मोकळं. पाऊस न्हाय म्हनला!"

"कुठं ऐकलंस?"

"साळंत. माज्या कानानं. मध्य म्हाराष्ट्र म्हनला, त्यात आपुन आलो का न्हाय वो सिद्धूभावजी?"

"आलो की. आपुन काय कोकनात हाय?" सिद्धू मांडीवर थाप मारून उठला. "मिटलं की मग! वयनीनं काम केलं बघ, गेनू. उद्या उन्हं वर यायच्या आत मानसं घिऊन येतू. जेवान तेवढं झनझनीत हू द्या."

गेणबानं बायकोकडं पाहिलं. वीस वर्षांत त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. "बरं झालं ऐकलंस," एवढंच म्हणाला. आबाजी बाजेवरून कुरकुरला, "रेडिओ तितं पुन्यात बसून बोलतू, वारं हितं हाय." पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी सगळ्यांनी मिळून मेंढरं कालव्याच्या चारीच्या पाण्यात धुवून काढली. बनाबाईच्या अंगात बारा बैलांचं बळ आलं होतं. आपल्या शब्दावर घर हललं, याचा आनंद काय असतो ते तिला त्या दिवशी कळलं. तिला तर असंही वाटून गेलं की आता पोरीच्या शाळेचा शब्द टाकला तर तोही मोडायचे नाहीत.

नकोशी शाळा सुटल्यावर सरपणाला गेली होती. ती दिवस कलताना आली आणि कातऱ्यांना धार लावत बसलेला बाप बघून म्हणाली, "उद्या कातरायची? आबा तर दम धरा म्हनत व्हते."

"पाऊस न्हाय म्हनून सांगितलंय रेडिओनं. तुज्याच साळंतल्या."

पोरगी मोळी टाकून स्वयंपाकाच्या छपरात आईपाशी आली.

"आय, तू सांगितलंस का दादांना?"

"मग? मीच सांगितलं." बनाबाई वाटणावर वरवंटा ओढत होती.

"आय, ती बातमी आजची न्हाय. शिळी हाय. बाईंनी गेल्या साली टेपात भरून ठिवलीया."

"काय बरळतीस?"

"बिरोबाची आन! बाईंनी इचारलं, हा मानूस आत्ता बोलतुया का? समदी म्हनली व्हय. मी म्हनलं, न्हाय. मग बाईंनी फीत माघारी फिरवली, तर तोच मानूस परत तेच बोलला. अक्षराला अक्षर. बाई म्हनल्या, कोन बोललं, कवा बोललं, कशापायी बोललं, ते इचारल्याबिगर काय बी खरं मानायचं न्हाय. मला म्हनल्या, शाब्बास."

क्षणभर, अगदी क्षणभर, बनाबाईला वाटलं पोरगी खरं बोलतेय. पण मनानं लगेच पलटी मारली. टेपात गाणी असतात, भारूडं असतात. कळंबच्या हाटेलात ती तिनं ऐकली होती. बातमी कोण भरून ठेवील? कालची भाकरी एक वेळ माणूस खाईल, गेल्या सालची बातमी कुणाला पाहिजे? आणि एवढी सरकारी माणसाची वाणी खोटी, आणि ही आठ वर्षांची टिचभर पोरगी खरी?

"जा की गं, दादांना सांगू आपुन," नकोशी तिचा पदर ओढत म्हणाली. "न्हायतर मीच सांगते."

ती वळली. बनाबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि मसाल्याच्या हातानं खाडकन मुस्कटात दिली.

"तोंड उघडलंस तर जीभ हासडीन! लई शानी झालीयास? समद्यांच्या म्होरं मला खोटं पाडतीस? आयला?"

पोरगी रडली नाही. गालावर तिखटाची बोटं उमटली होती, डोळ्यात तिखट गेलं होतं. ती कोपऱ्यातल्या रांजणापाशी जाऊन तोंड धूत बसली. बनाबाईनं मग पुन्हा वरवंटा धरला, पण वाटण काही बारीक होईना. विजयमालाबाई एव्हाना बारामतीला पोचल्या असतील. कळंबच्या हाटेलात जाऊन कुणाला विचारावं तर धनगराची बाई दिवेलागणीला हाटेलात कशाला गेली म्हणून उद्या वस्ती तोंड सोडील. आणि विचारायचं तरी कशाला? बोललाय तो रेडिओच. असं स्वतःला बजावत ती निजली. झोप काही धड लागली नाही.

रविवारी ऊन असं पडलं, की बनाबाईनं मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सावडीचे गडी आले, पहिल्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला, चांगभलं झालं आणि कातऱ्या कचाकचा चालू लागल्या. मेंढराचे पाय बांधायचे, मांडीत दाबायचं, मानेपासून शेपटीपर्यंत काळी लोकर सोलून काढल्यासारखी एका तुकड्यात उतरवायची. सुटलेलं मेंढरू अंग झाडत उठायचं, आणि एवढंसं, ओळखू न येणारं होऊन पळायचं. कोकरं आईला ओळखेनात, नुसती ब्यां ब्यां करत फिरायची. गडी हसायचे.

"गेनू, आमच्या वयनीला आता हवामान खात्यात भरती कर!" सिद्धू ओरडला.

"आमच्यात पगार द्यावा लागत न्हाय, भाकरीवर भागतंय," गेणबा म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर बनाबाईही तोंडाला पदर लावून हसली.

नकोशी पाण्याची कळशी घेऊन गड्यांमधून फिरत होती. ती कुणाशी बोलत नव्हती. मधूनच उगवतीकडं बघायची. तिकडं बघू नको असं तिला सांगावं, असं बनाबाईला वाटत होतं.

जेवणं झाली. शेवटचं मेंढरू सुटलं तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. गडी कातऱ्या पुसून घराकडं गेले, आणि वारं एकदम पडलं. माळावर पान हलेना. आबाजी बाजेवरून उठून उभा राहिला.

"गेनू," तो म्हणाला, "आलं रं."

उगवतीकडून काळं आभाळ चढत होतं. बघता बघता त्यानं माळ झाकला. आधी वारं आलं, गार, हाडात शिरणारं, आणि त्याच्या पाठीवर पाऊस. हातभर लांबीच्या धारा, तिरप्या, चाबकासारख्या. त्यात गाराही होत्या का कोण जाणे, पण अंगाला लागत होतं तसंच. सोललेली मेंढरं वाघरीत एकमेकांवर चढायला लागली. वरची खाली, खालची चिखलात. गेणबा त्यांच्यात शिरून एकेकीला ओढत होता, ओरडत होता, "घरात घ्या! घरात घ्या!"

पण घर ते केवढं! छपरात, चुलीपाशी, बाजेखाली, जिथं जागा तिथं मेंढरं कोंबली तरी निम्मी बाहेरच. बनाबाईनं लोकरीचे गठ्ठे सोडले आणि त्यांच्या अंगावर टाकले, पण लोकर भिजून नुसती जड झाली.

"साळा!" नकोशी किंचाळली. "दादा, साळा मोठी हाय!"

शाळेला कुलूप होतं, किल्ली बारामतीला बाईंपाशी. गेणबानं दगड घेऊन कुलूप फोडलं. अंधारात, पावसात, ती तिघं मेंढरं हाकत, उचलत, ओढत शाळेत नेत होती. काही वाटेतच बसली ती उठली नाहीत. पोरगी दोन्ही बगलांत कोकरं घेऊन धावत होती, पडत होती, परत धावत होती. सिद्धू आणि चार-दोन गडी आले, पण त्यांनाही आपल्या मेंढरांचं बघायचं होतं. त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर आठवड्याची तरी लव आली होती. गेणबाची तर उघडी कातडी होती.

पहाटे पाऊस थांबला. उजाडलं तेव्हा माळावर सगळीकडं मेंढरं पडली होती, पाय ताठ, डोळे उघडे. शाळेत नेली होती त्यातलीही बरीच भिंतीला लागून थिजली होती. निम्म्याहून जास्त खांड गेलं. आबाजी एकेका मेंढराच्या अंगावरून हात फिरवत नावं घेत होता. म्हाताऱ्याला सगळ्यांची नावं पाठ होती. गेणबा शाळेच्या पडवीत गुडघ्यात मान घालून बसला होता, आणि पोटातून निघाल्यासारखा हुंदका मधूनच त्याला हलवून जात होता. गडी माणसाला असं रडताना बनाबाईनं बापाच्या मयतीतसुद्धा बघितलं नव्हतं.

कळंबाहून दुधाला आलेला एकजण म्हणाला, "आरं, पण रेडिओ तर परवाधरनं बोंबलतुया, वादळी पाऊस यील म्हनून. तुमाला कळलं न्हाय?"

गेणबानं मान वर केली. नुसता बायकोकडं बघत राहिला.

विजयमालाबाई नेहमीच्या एस.टी.नं आल्या. चिखल तुडवत शाळेपाशी पोचल्या आणि दारातच थबकल्या. फळ्याखाली मेलेली मेंढरं, पोरांच्या बसायच्या पट्ट्या लेंड्या-मुतानं भिजलेल्या, कुलूप फुटलेलं.

"अहो, हे काय झालं?"

"तुमच्या डब्यानं केलं!" गेणबा ताडकन उठला. "शनवारी तुमच्या रेडिओनं सांगितलं, पाऊस न्हाय म्हनून. हिनं ऐकलं. त्या बोलावर म्या बकरी कातरली. बघा! बघा कशी पडल्यात!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "रेडिओ? अहो गेणबा, तो रेडिओ नव्हता. टेप होता. मागच्या वर्षीच्या बातम्या मी भरून ठेवल्या होत्या, मुलांना शिकवायला. ऐकलेलं सगळं आजचं नसतं, हेच तर शिकवत होते मी! मुलांना सांगितलं होतं ना." त्यांची नजर भिरभिरत गर्दीतून नकोशीवर येऊन थांबली. "नकोशी! बाळ, तूच ओळखलंस ना वर्गात? सगळ्यांच्या आधी? मग घरी नाही का सांगितलंस?"

सगळी वस्ती पोरीकडं बघायला लागली. गेणबा बघत होता, आबाजी बघत होता. पोरगी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. मांडीपर्यंत चिखल, ओठ निळे. तिनं हळूच आईकडं पाहिलं.

आता पोरगी बोलणार, बनाबाईला वाटलं. आता सगळ्यांना कळणार, की पोरीनं सांगितलं होतं, आणि आईनं तिचं तोंड दाबलं. खांड पावसानं नाही मारलं, टेपानं नाही मारलं, हिनं मारलं. तिनं पोरीकडं बघितलं. तोंडानं काही म्हणाली नाही, पण पोरीला काय दिसायचं ते दिसलं.

"न्हाय बाई," नकोशी म्हणाली.

"नाही सांगितलंस?"

"मला कळलंच न्हवतं."

"अगं, पण तूच उत्तर दिलंस."

"उगंच दिलं. ठोकून दिलं. मला काय बी कळलं न्हवतं."

विजयमालाबाई पडवीच्या कडेला मटकन बसल्या, अर्धी सारवलेली, अर्धी राहिलेली पडवी. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मलाच शिकवता आलं नाही," त्या पुटपुटल्या. मग सगळ्या पोरांकडं बघून म्हणाल्या, "चूक माझी आहे. तारीख आधी सांगायला पाहिजे होती मी." कुलपाचं नावही त्यांनी काढलं नाही. बनाबाई ऐकत उभी राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते तिनं केलं नाही. मेंढरं ओढायला लोक वाकले तशी तीही त्यांच्याबरोबर वाकली.

उरलेली मेंढरं खोकायला लागली, त्यातलीही काही गेली. जी राहिली ती गेणबानं सिद्धूच्या खांडात घातली. चार मेंढरांच्या मागं कोण मावळतीला जातो? सोमेश्वरनगरच्या बाजूला तोडीला माणसं पाहिजे होती. गेणबानं मुकादमाला हो म्हणून टाकलं. सात पिढ्या ज्या घरात कुणी कधी कोयता हातात धरला नव्हता त्या घरातला माणूस ऊस तोडायला निघाला. आबाजी मागं राहणार होता, लेकीकडं.

ट्रक फाट्यावर येऊन थांबला त्या सकाळी विजयमालाबाई शाळेत जायच्या आधी तिथं आल्या. त्यांनी टेप कपाटात ठेवून दिला होता, असं पोरं सांगत होती. आता फक्त पाढे आणि शुद्धलेखन.

"गेणबा, एक मागते," त्या म्हणाल्या. "पोरीला नेऊ नका. आबाजींबरोबर राहू दे आत्याकडं. तिथून शाळा जवळ आहे. चौथी झाली की मी स्वतः बघते पुढचं. फार चांगली बुद्धी आहे तिला."

गेणबानं गाठोडं वर फेकलं. तो ओरडला नाही. ओरडायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं.

"बाई, कसली बुद्धी? तुमीच इचारलं तिला समद्यांच्या म्होरं. कळलं न्हाय म्हनली. तुमी टेप लावून दावलं, तरी कळलं न्हाय. तिला त्या येळंला कळलं असतं आनि घरी यिऊन एक शबूद बोलली असती, तर म्या आज हितं हुबा असतो का? मग तुमीच सांगा, काय म्हनून ठिवू साळंत?"

विजयमालाबाईंनी बनाबाईकडं बघितलं, आईनं तरी काही म्हणावं म्हणून.

पोरीला कळलं होतं. वस्तीत कुणाला कळलं नाही ते तिला कळलं होतं, आणि तिनं येऊन सांगितलंही होतं. एवढं म्हटलं की गेणबा थांबेल. पोरीला ठेवीलही. मग पुढचं सगळं आपल्या अंगावर येईल. मार तर येईलच, माराचं काय, तो खाल्लेला आहे. पण जन्मभर उठता-बसता ऐकावं लागेल, वस्ती बोट दाखवील, हिनंच खांड मारलं म्हणून. बनाबाईनं तोंड उघडलं.

"चूल धरायला कोनतरी पायजे बाई तितं," ती म्हणाली. "मी बी कोयत्यावरच असनार."

विजयमालाबाई शाळेच्या वाटेला लागल्या.

ट्रकमध्ये आधीच बरीच माणसं होती. बनाबाई गाठोड्यावर टेकली, नकोशी तिच्या पायाशी. मुकादम मागच्या फळीवर चढून एकेकाला विचारत होता, कुणाचा कोयता, कोण मोळ्या बांधणार, लहानं किती. तो नकोशीपाशी आला.

"साळंत व्हतीस म्हनं तू? मग मोळ्या मोजशील का गं? येतंय का मोजाया?"

नकोशीला हजारापर्यंत मोजता यायचं. खांड वाघरीत जाताना ती बापाच्या आधी मोजून मोकळी व्हायची. तिनं मान वळवली, आईच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काय आहे ते नीट बघून घेतलं, आणि मग मुकादमाला म्हणाली, "न्हाय येत."

'येतंय की गं तुला' हे अगदी बनाबाईच्या ओठावर आलं होतं. तेही तिनं गिळलं.